बाबांचं विमान आणि खारट आमटी

बाबांनी चुका काढणं बंद केलं तेव्हा आम्ही त्यांना आधी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, ईसीजी काढला, जीभ बाहेर काढायला लावली आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. तक्रार नक्की काय आहे?"

आई म्हणाली, "तक्रार करत नाहीत, हीच तक्रार आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांच्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर लटकत होतं आणि त्यावर गेलेला महिना तसाच होता. बाबांनी ते पाहिलं. मी त्यांना पाहताना पाहिलं. आणि एक शब्द न बोलता ते उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली.

माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात तेहतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. पोलिसातले नव्हेत. कुणीतरी भाग बनवायचा, बाबांनी तो मोजायचा, उलटा-सुलटा करून बघायचा आणि बरोबर असला तर कागदावर आपला शिक्का मारायचा. छोटा गोल शिक्का, त्यात नंबर ४७. तो शिक्का बसल्याशिवाय एक पत्राही पुढच्या टेबलावर सरकत नसे. बाबांच्या वाट्याला मिग विमानाची शेपटी होती. तेहतीस वर्षं ते लढाऊ विमानाच्या मागच्या बाजूला उभे राहून चुका शोधत होते, आणि त्यांचं म्हणणं असं की मागूनच माणसाचं आणि विमानाचं खरं काय ते कळतं.

ही सवय घरी यायची ती आलीच. पोळीचा घेर एका बाजूला दबला की "स्नॅग" म्हणायचे. कारखान्यात चुकीला स्नॅग म्हणतात, आमच्या घरीही तोच शब्द. देवघरातला गणपती दोन अंश डावीकडे, स्नॅग. शेजारच्यांच्या दारावरचं तोरण सैल, त्यांना जाऊन सांगणार. मी ब्लाउज शिवते. इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये माझी दोन मशिनं आहेत आणि गिऱ्हाईक नऊवारीपासून मागे बारा दोऱ्या असलेल्या ब्लाउजपर्यंत सगळं मागतं. माझ्या प्रत्येक ब्लाउजची शिवण बाबा खिडकीशी उजेडात धरून बघत. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. माझं लग्न झालं नाही यात त्यांचा वाटा निम्मा आहे, आलेल्या स्थळांपैकी अर्धी त्यांनी रिजेक्ट केली. उरलेली अर्धी मी केली. रक्त शेवटी तेच.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे. बाबांनी शिक्का मारलेलं नवं विमान ज्या दिवशी पहिल्यांदा उडायचं, त्या दिवशी ते जमिनीवर परत येईपर्यंत बाबा डबा उघडत नसत. कुणी नियम केला नव्हता, पण ते मोडत नसत. विमान उशिरा उतरलं तर डबा तसाच घरी यायचा आणि संध्याकाळी सहा वाजता आम्ही तिघं दुपारची गार भाजी खायचो. मी लहानपणी आकाशातला आवाज ऐकून आईला सांगायची, "उतरलं, आता बाबा जेवतील." आई म्हणायची, "पोळ्या कडक झाल्या असतील आता."

तर गेल्या वर्षी नवरात्रात बाबांची ती मिग विमानं हवाई दलातून निवृत्त झाली. टीव्हीवर शेवटचं उड्डाण दाखवलं. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले होते. मी मशिनवर होते, गरब्याच्या ब्लाउजांची घाई होती, तरी पाय थांबवला. विमान उतरलं, पाण्याचे फवारे उडाले, माणसं टाळ्या वाजवत होती. बाबांनी टीव्ही बंद केला आणि रिमोट टेबलावर ठेवला. वाकडा ठेवला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एखादी वस्तू वाकडी ठेवताना पाहिलं.

त्या दिवसापासून ते सगळ्याला "छान आहे" म्हणू लागले. चहा छान आहे. मी मुद्दाम एक बाही वर-खाली लावून ब्लाउज त्यांच्यापुढे धरला, तोही छान आहे. आई माझ्यापेक्षा हुशार. तिने आमटीत मीठ वाढवायला सुरुवात केली. "कधीतरी बोलतीलच," ती म्हणाली. बोलले नाहीत. तिने अजून वाढवलं. बाबा शांतपणे भात कालवून खायचे आणि ताट धुवायला ठेवायचे. मी आणि आई मात्र दुपारभर माठापाशी उभ्या. आठ-दहा दिवसांनी मी म्हटलं, "आई, बस कर, त्यांचं बीपी वाढेल." ती म्हणाली, "त्यांच्या वाटीत थोडंच घालते. जास्त आपल्या दोघींच्यात." मी म्हटलं, "का?" तिने आणखी एक चिमूट टाकली.

दिवाळी संपली आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत मला जरा उसंत होती. ब्लाउजचे गळे गिऱ्हाइकांना दाखवायला मी एक कॉम्प्युटर घेतलेला आहे. त्यावर मी एक गेम खेळते. वय चव्वेचाळीस, पण खेळते, कुणाला काय करायचंय? त्यात तुकडे तुकडे जोडून काहीही बनवायचं आणि उडवून बघायचं. वजन, वारा, इंजिनाचा जोर सगळं खरं धरलेलं असतं, त्यामुळे चुकीचं बनवलं की पडतं. मी आधी त्यात एक रिक्षा उडवली होती. छान उडायची.

एका दुपारी मला वाटलं, बाबांचं विमान बनवून बघू. काही थोर हेतू नव्हता, खोटं कशाला बोलू? घरात खारट शांतता पसरली होती आणि मला हाताला काम हवं होतं. मी आठवणीवर बनवलं. लांब नळीसारखं अंग, पुढे उघडं तोंड आणि त्या तोंडात शंकू, दोन तिकोनी पंख, मागे उंच शेपूट. पंख मी कळीसारखे कापले, घागऱ्याच्या कळीला करतो तसे. लांबून बघितलं तर सुरमई मासळीच वाटत होती.

बाबा माठातून पाणी घेऊन चालले होते. माझ्या मागे येऊन थांबले. मी वळले नाही.

"हे काय आहे?"

"विमान."

"कोणतं?"

"तुमचं."

मला त्यांच्या हातातल्या तांब्यातून पाणी टपकताना ऐकू येत होतं. मग म्हणाले, "नाक चुकलंय."

आत भांडं पडलं. आई उलथनं हातात घेऊनच बाहेर आली. "काय म्हणाले?"

"नाक चुकलंय म्हणाले."

"कुणाचं?"

"विमानाचं."

आईने उलथन्यासकट देवघराकडे हात जोडले. आणि मी तिथल्या तिथे ठरवलं की हे विमान पुरं करायचं. त्यासाठी लागतील तेवढ्या चुका करायच्या, त्या बाबांना काढू द्यायच्या आणि जुने बाबा परत आणायचे. माझ्या मनात एवढंच होतं. विमान हे निमित्त होतं, निदान माझ्यासाठी.

बाबांसाठी ते निमित्त नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे हजर. हातात जुन्या कॅलेंडरची पानं, मागची कोरी बाजू वर, आणि शेल्फावरून उतरवलेली स्टीलची पट्टी. "स्नॅग एक," त्यांनी लिहिलं, "नाकाचा शंकू मध्यावर नाही." मी शंकू हलवला. "स्नॅग दोन. पाठीवरचा उंचवटा कॉकपिटपासून शेपटीपर्यंत सलग पाहिजे, तुझा मध्येच संपतो." मी सलग केला. "स्नॅग तीन. शेपटीला तू हा वळसा कशाला दिलास?" मी म्हटलं, "बरा दिसतो." ते म्हणाले, "ब्लाउज आहे का?"

आई दारात उभी राहून हे ऐकायची आणि परत जाऊन फोडणी घालायची. आमटीबद्दल मात्र अजून अक्षर नाही. विमानापुरते बाबा जिवंत होते. ताटावर बसले की पुन्हा "छान आहे". त्यामुळे आईनं मीठ काही कमी केलं नाही.

बाबांची मोजायची पद्धत म्हणजे पट्टी सरळ पडद्यावर टेकवायची. एक डोळा मिटायचा, श्वास धरायचा आणि वाचायचं. मी हजारदा सांगितलं की बाबा, हे चित्र आहे, माउसचं चाक फिरवलं की लहान-मोठं होतं. यावर त्यांनी माउसच्या चाकावर इन्सुलेशन टेप लावली. मग पडद्याच्या चारी कडांना टेपचे बारीक तुकडे चिकटवले, "विमानाची शेपटी इथे, नाक इथे, रोज इथेच आणायचं." नवरीची आई ब्लाउजचा गळा पसंत करायला आली तेव्हा तिला प्रत्येक गळा टेपच्या चार खुणांमधून बघावा लागला. ती म्हणाली, "मागच्या दुकानात असं नव्हतं."

पाचव्या दिवशी बाबांनी जाहीर केलं, "डावा पंख आखूड आहे. दोन मिलिमीटर."

मी म्हटलं, "दोन्ही एकाच मापाचे आहेत."

"पट्टी खोटं बोलत नाही."

मी डावा पंख वाढवला. उडवून बघितलं. विमान धावपट्टीवरून उठलं आणि तत्काळ उजव्या कुशीवर वळून समुद्रात गेलं. या गेममध्ये नाशिक नाही, एक बेट आहे आणि चहूकडे समुद्र. त्याबद्दलही बाबांची तक्रार होती, ओझरला समुद्र नाही. पुढचे चार दिवस मी ते विमान चाळीस वेळा उडवलं आणि चाळीस वेळा ते उजवीकडे लोळून बुडालं. बाबा शेपटीत चूक शोधत राहिले, कारण त्यांच्या मते जगातली प्रत्येक चूक शेपटीत सुरू होते; आणि त्यांनी मोजलेल्या पंखावर शंका घ्यायची माझी हिंमत नव्हती. ते बुडताना बघून मी चिडायची, बाबा चिडत नसत. म्हणायचे, "पास झालेलं नाही ना अजून? मग पडू दे. पास झाल्यावर पडता कामा नये."

लग्नसराई सुरू झाली होती. माझ्याकडे सतरा ब्लाउज थकले होते आणि मी विमानाची शेपटी कातरत बसले होते. आरशात स्वतःला काय तोंड दाखवत होते देव जाणे.

अशात बाबांचे एक मित्र सटाण्याकडून आले. ते कारखान्यात रिव्हेट मारायचे, म्हणजे पत्रे एकमेकांना खिळ्यांनी पक्के जोडायचे. आता गावी कांदा करतात आणि अहिराणीच बोलतात. कांद्याची गोणी दारात टेकवली, पाणी प्यायले आणि थेट पडद्यापुढे आले.

"हाई काय शे, भाऊ?"

"आपलं विमान," बाबा म्हणाले.

काकांनी नाक पडद्याला लावलं. "रिव्हेट कोठे शेतस?"

मी म्हटलं, "काका, गेममध्ये रिव्हेट नसतात. तुकडे आपोआप चिकटतात."

"आपोआप?" काका बाबांकडे वळले. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की माझ्या घराण्याच्या अब्रूचा प्रश्न निर्माण झाला. रिव्हेट नाहीत तर माझा इथे काय उपयोग, असा काकांचा चेहरा झाला. ते दारापर्यंत मागे गेले, चौकटीला टेकले, एक डोळा मिटला. मी विमान त्यांच्यासाठी समोरून फिरवून दाखवत होते, टेपच्या खुणा सोडून. काका म्हणाले, "याना डावा पंख लांबा शे."

"आखूड होता," बाबा म्हणाले. "मी मोजून वाढवलाय."

"लांबा शे, भाऊ. दारमाईन दिसस."

मी आकडे उघडले. अर्थातच लांब होता. मग मला कळलं. बाबांनी टेपच्या खुणा केल्या त्या दिवशी विमान वरून दिसत होतं खरं, पण जरासं डावीकडे कललेलं. त्यामुळे डावा पंख पडद्यावर आखूड भासला होता. पट्टी खरंच खोटं बोलली नव्हती. चूक बघणाऱ्याच्या जागेची होती.

बाबा काकांना निरोप द्यायला खाली गेले, वर आले आणि गॅलरीत बसले. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा सगळं "छान आहे". मी स्वतःवर इतकी चिडले की एका ब्लाउजची बाही उलटी जोडली. तेहतीस वर्षं ज्या माणसाचं माप चुकलं नाही त्याला मी कलतं चित्र दाखवून चुकायला लावलं होतं.

सकाळी नऊला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. कॅलेंडरचं पान पुढे ओढलं आणि सुबक अक्षरात लिहिलं, "स्नॅग एकतीस. तपासणारा चुकला." खाली सही केली. मग म्हणाले, "टेप काढ. आता समोरून, वरून आणि बाजूनं, तिन्हीकडून मोजायचं." मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी टेप नखाने खरवडत बसले.

दहा दिवसांत विमान झालं. खरोखर झालं. सरळ उठायचं, सरळ जायचं. बाबांनी पान उलटून पालटून बघितलं, एकही स्नॅग उरला नव्हता. मी म्हटलं, "मग? पास?"

"पास कसं?" ते म्हणाले. "शिक्का कुठाय? निवृत्त झालो त्या दिवशी जमा केला. त्यांनी माझ्यासमोर फोडला."

मी म्हटलं, "बाबा, हा गेम आहे."

ते म्हणाले, "उडणार आहे ना?"

आई आत कांदेपोह्यांसाठी बटाटा चिरत होती, ती बाहेर आली. हातात अर्धा बटाटा. "एवढंच ना?" ती म्हणाली आणि खाली बसली. दिवाळीला अंगणात ठसे उमटवायला ती लहानपणी बटाटे कोरायची म्हणे, हे मला आजवर माहीत नव्हतं. तिने सुरीच्या टोकाने गोल कोरला, आत ४७ कोरलं, आपल्या ओल्या कुंकवात बुडवून कागदावर उमटवलं. आकडे उलटे आले. बाबा म्हणाले, "रिजेक्ट." आईने दुसरा बटाटा घेतला. तिसऱ्याला जमलं.

बाबांनी तो बटाटा हातात घेतला. दोन बोटांत धरून फिरवला, जसा तो खराच धातूचा असावा. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "रविवारी काकांना बोलाव. दुपारी बारा वाजता. हा तोवर फ्रिजमध्ये ठेवा, सुकला तर माप बदलेल."

रविवारी बारा वाजता हॉलमध्ये चौघं. बाबांनी विमान नाकापासून शेपटीपर्यंत पुन्हा बघितलं, कॅलेंडरच्या पानावर बटाटा दाबला. लाल गोल, आत ४७, या वेळी सरळ. मग ते आईकडे वळले. "माझं ताट वाढून झाकून ठेव."

आईने माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींना कळलं.

"आणि हे," म्हणत बाबांनी खिशातून टेप काढली आणि कीबोर्डवरच्या ज्या बटणानं खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्या बटणावर दोन पदरी चिकटवली. "आता हे बटण नाही."

"बाबा, उडवणार कोण?"

"तू."

"तुम्ही बसा ना. तुमचं विमान आहे. कॉकपिटमधून दाखवते, आत बसल्यासारखं वाटतं."

"कॉकपिट माझा सेक्शन नाही," ते म्हणाले आणि गॅलरीत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. कारखान्यातही ते असंच करायचे, पुढे कधीतरी काकांनी सांगितलं. बघायचे नाहीत, फक्त ऐकायचे.

आता एक कबुली. मला विमान उडवता येतं. उतरवता येत नाही. आजवर मी ते एकदाही उतरवलं नव्हतं, गरजच पडली नव्हती. बुडायचं, बटण दाबायचं, पुन्हा. त्या बटणावर आता दोन पदरी टेप होती, आणि मागे झाकलेलं ताट होतं, आणि गॅलरीत त्यांची पाठ.

उडालं. स्पीकरचा आवाज काकांनी पूर्ण वाढवला होता, शेजारच्यांचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मी एक फेरी मारली. दुसरी मारली. पाचवी मारली. आई म्हणाली, "उतरव की." मी म्हटलं, "बघते." आठव्या फेरीला ती म्हणाली, "भात गार होतोय." काका म्हणाले, "तेल संपी जाई, बेटा." चार वर्षांपूर्वी एका नवरीचा ब्लाउज मुहूर्ताच्या अर्ध्या तासाआधी उसवला होता, तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते.

मी विमान खाली घेतलं. धावपट्टी समोरून यायला लागली, फारच पटापट. चाकं टेकली, विमान उसळलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं. आई मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागली. तिसऱ्यांदा टेकलं ते टिकलं, पण थांबेना. धावपट्टी संपत आली आणि पुढे समुद्र.

"छत्री!" काका ओरडले. "छत्री सोड!"

शेपटीच्या बुडाशी ब्रेकचं पॅराशूट बसवायला बाबांनीच लावलं होतं, स्नॅग बावीस. मी विसरले होते. बटण दाबलं. छत्री उघडली. विमान गवतावर गेलं, डुलत डुलत हळू झालं आणि समुद्राच्या काठावर थांबलं, नाक पाण्याकडे.

आवाज एकदम उतरला. गॅलरीतली पाठ तशीच.

"इंजिन बंद कर," बाबा म्हणाले.

मी बंद केलं. ते आत आले. पडद्याजवळ वाकून नाक बघितलं, दोन्ही पंख बघितले, तिन्ही चाकं बोटाने मोजली. शेपटी सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त वेळ. मग ताटापाशी जाऊन बसले, झाकण काढलं, भात कालवला आणि एक घास खाल्ला.

"आमटी खारट आहे," ते म्हणाले.

आई जागची हलली नाही.

"आजच नाही," बाबा म्हणाले, "दोन महिने आहे." आणि शर्टाच्या खिशातून कॅलेंडरचं आणखी एक पान काढलं, घडी घातलेलं. त्यावर तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे एक शब्द, मीठ. दसरा, मीठ. कोजागरी, मीठ. भाऊबीज, मीठ, पोळी कच्ची.

आईला रडू फुटलं आणि ती भांडायला लागली, दोन्ही एकदम. "मग बोलला का नाहीत? माझा जीव टांगणीला लागला होता! डॉक्टरकडे नेलं तुम्हाला!"

बाबांनी घास गिळला. "आपण पास केलेलं काहीतरी वर उडत असतं ना, तोवर माणसाला दुसऱ्याच्या कामात चूक काढायचा हक्क असतो," ते म्हणाले. "टीव्हीवर ते शेवटचं उतरलं. मग वाटलं, आता मी कोण लागून गेलो?" आणि काकांच्या ताटाकडे बघत म्हणाले, "यांना लोणचं वाढ. कैरीच्या फोडी मोठ्या आहेत, पण चालेल."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. दोन महिने मी समजत होते की बाबा हरवलेत. ते रोज आमच्यासोबत खारट आमटी खात होते आणि लिहून ठेवत होते.

आता जेवणाआधी रोज एक फेरी मारावी लागते. उतरायला मी शिकले आहे, उसळ्या एकावर आल्या आहेत. विमान टेकलं की बाबा ताट उघडतात आणि सुरू होतात, भाजीपासून ते सुरीच्या धारेपर्यंत, मग माझ्या बाह्या, मग शेजारच्यांचं तोरण. मीठ आता बेतात असतं, त्यामुळे त्यांना बाकीचं बघायला वेळ मिळतो.

परवा मी कॉम्प्युटर सुरू करत होते, तेवढ्यात आई पदर खोचून दबक्या पावलांनी आली आणि माझ्या कानाशी वाकली. "आजच्या दिवस नको गं उडवूस," ती म्हणाली, "वांगी करपलीत."

मी उडवलं.